'सूचना असतील तर कळवा' म्हटल्यावर कोणीच काही का कळवत नाही?

पीएचडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात ही वेळ बहुतेकांवर येते. स्वतःच्या कामापुरता लिहिलेला एखादा प्रोग्रॅम हळूहळू नीट आकाराला येतो. गाईड म्हणतात, "इतरांनाही उपयोगी पडेल, टाका की गिटहबवर." तुम्ही टाकता. रीडमी फाईल लिहिता, नमुन्याचा डेटा जोडता, ओळखीच्या चार ग्रुपवर लिंक पाठवता आणि शेवटी एक ओळ घालता, "काही सूचना असतील तर नक्की कळवा." दोन-चार अंगठे येतात, एखादं "खूप छान!" येतं. मग सगळं शांत.

ही शांतता फक्त आपल्याच वाट्याला येते असं वाटत असेल तर तसं नाही. जगभर लाखो लोक वापरतात त्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना वाचायला, वापरायला आणि बदलायला खुला असतो त्या प्रकल्पांच्या वाट्यालाही तीच येते. फरक एवढाच, की त्यांना ती शांतता पुढे महागात पडते. आज आपण बघू की फीडबॅक मागूनही मिळत का नाही, मिळतो तेव्हा तो भलत्या वेळी आणि भलत्याच गोष्टीवर का मिळतो, आणि संशोधन करू बघणाऱ्या आपण त्यावर काय करायचं.

शून्य आणि रिकामी चौकट

माझं काम धाराशिव जिल्ह्यातल्या पावसाच्या नोंदींवर चालतं, म्हणून उदाहरण तिथलंच घेते. जिल्ह्यात आठ तालुके आहेत: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी. प्रत्येक तालुक्यात काही महसूल मंडळं, आणि पावसाची रोजची नोंद मंडळाच्या पातळीवर ठेवली जाते. समजा परंडा तालुक्यातल्या एका मंडळाचा जुलैचा तक्ता तुमच्यासमोर आहे. एका तारखेसमोर ० लिहिलंय. दुसऱ्या तारखेसमोर चौकट रिकामी आहे.

पहिल्याचा अर्थ सरळ आहे: मोजलं, पाऊस नव्हता. दुसऱ्याचा अर्थ आपल्याला माहीत नाही. यंत्र बंद असेल, नोंद पोचली नसेल, टाईप करताना सुटली असेल. कदाचित त्याच दिवशी धो धो पाऊस पडला असेल आणि म्हणूनच यंत्र बंद पडलं असेल. रिकाम्या चौकटीला शून्य समजणं ही पावसाच्या डेटातली सगळ्यात जुनी चूक आहे, आणि आपल्याकडे ती फक्त कागदावर राहत नाही. पीकविम्याच्या बोलण्यात '२१ दिवसांचा खंड' हे शब्द तुम्ही ऐकले असतील. रिकामी चौकट शून्य धरली की नसलेला खंड तयार होतो, आणि गाळून टाकली की असलेला खंड तुटू शकतो.

आता फीडबॅककडे या. तुम्ही विचारलंत, "हा बदल करू का?" आणि कोणी काही बोललं नाही. ही नोंद 'हरकती शून्य' अशी धरायची, की रिकामी चौकट म्हणून? बहुतेक प्रकल्प, आणि आपणही, ती शून्य धरतो. इथून पुढचा सगळा त्रास तिथे सुरू होतो.

पांडाजची दोन महिन्यांची गोष्ट

गंमत म्हणजे याचं एक चपखल उदाहरण नेमकं शून्य आणि रिकामी चौकट याच प्रश्नावर घडलेलं आहे. पांडाज ही पायथनमधली तक्ते हाताळायची लायब्ररी तुम्ही वापरत असाल, नसाल तर लवकरच वापराल. वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये तिचं काम सुरू केलं, आणि आज डेटावर काम करणारा क्वचितच कोणी तिच्याशिवाय राहतो.

प्रश्न असा होता: एखाद्या स्तंभातल्या सगळ्याच चौकटी रिकाम्या असतील तर त्याची बेरीज किती? आपल्या भाषेत, जुलैच्या ३१ च्या ३१ दिवसांची नोंद नसेल तर जुलैचा एकूण पाऊस किती? गणितवाला म्हणेल, काहीच मिळवलं नाही तर बेरीज शून्य. पाऊस मोजणारा म्हणेल, माहीत नाही. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे.

पूर्वी पांडाजमध्ये याचं उत्तर तुमच्या संगणकावर 'बॉटलनेक' नावाची दुसरी एक लायब्ररी आहे की नाही यावर ठरायचं. म्हणजे कोड तोच, डेटा तोच, पण तुमच्या लॅपटॉपवर एक उत्तर आणि गाईडच्या लॅपटॉपवर दुसरं. हे थांबवायलाच हवं होतं. गिटहबवर उघड चर्चा झाली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या ०.२१ आवृत्तीत ठरलं, की उत्तर 'माहीत नाही' असं येईल. त्याच झटक्यात अजिबात चौकटी नसलेल्या, पूर्ण रिकाम्या स्तंभाची बेरीजही 'माहीत नाही' केली गेली.

मग आवाज उठला. नव्या आवृत्तीने ज्यांचे आकडे बदलले ते लोक बोलायला लागले. डिसेंबर २०१७ मध्ये, दोनच महिन्यांत, ०.२२ ही आवृत्ती काढावी लागली. तिच्यात जुनं मोडणारा बदल एकच होता: दोन्ही प्रकारची बेरीज आता शून्य. लोकांच्या फीडबॅकमुळे आधीचा निर्णय काही अंशी मागे घेतल्याचं त्या आवृत्तीच्या टिपणातच लिहिलेलं आहे. सोबत 'मिन_काउंट' नावाचा एक पर्याय दिला गेला. त्याची किंमत १ ठेवली, तर निदान एक तरी खरी नोंद असल्याशिवाय बेरीज होत नाही, उत्तर 'माहीत नाही' असंच राहतं.

जाता जाता कामाची गोष्ट: हा पर्याय तुम्ही वापरला नाही, तर नोंद नसलेला अख्खा महिना आजही तुमच्या तक्त्यात ० मिमीचा, कोरडा ठणठणीत महिना म्हणून दिसेल. पावसावर, भूजलावर किंवा पिकांवर काम करणार असाल तर हे आत्ताच वहीत लिहून ठेवा.

आता मूळ मुद्दा. चर्चा उघड होती, कोणालाही बोलता येत होतं. मग ज्यांना त्रास झाला ते आधी का बोलले नाहीत?

आधी न बोलण्याची कारणं

पहिलं कारण असं, की बदल होण्याआधी प्रश्न अमूर्त असतो. 'सर्व मूल्यं अनुपलब्ध असताना बेरजेचं परतमूल्य काय असावं' हे वाचून कोणाच्या पोटात गोळा येत नाही. स्वतःच्या तक्त्यातला आकडा बदलला की येतो. आपला रस्ता खोदतील तेव्हाच आपण नकाशा बघायला जातो, तसंच हे.

दुसरं कारण, विचारणारे जिथे विचारतात तिथे वापरणारे नसतात. याचा पुरावा नमपायच्या एका बदलात दिसतो. नमपायमध्ये 'एनपी.इंट' असं लिहिलं तरी ते पायथनचं साधं 'इंट'च असायचं, म्हणजे एकाच गोष्टीला उगाच दोन नावं. जानेवारी २०२१ मधल्या १.२० आवृत्तीपासून ते नाव वापरलं की पडद्यावर इशारा यायला लागला: हे जाणार आहे. डिसेंबर २०२२ मधल्या १.२४ आवृत्तीत ते खरंच काढलं. जवळजवळ दोन वर्षं इशारा दिला होता. तरी ते नाव काढल्यावर कितीतरी जुने प्रोग्रॅम बंद पडले आणि लोक 'हे अचानक काय झालं' म्हणून विचारत सुटले.

अचानक काहीच झालं नव्हतं. पण तो इशारा कोणाला दिसत होता बघा. प्रोग्रॅम लिहिणारा सीनियर पास होऊन नोकरीला लागलेला, आणि चालवणारा ज्युनियर लाल-पिवळ्या ओळी बघून घाबरतो किंवा सरळ दुर्लक्ष करतो, कारण उत्तर तर येतंय. ज्याला इशारा कळला असता त्याला तो दिसला नाही, आणि ज्याला दिसला त्याला तो आपल्यासाठी आहे असं वाटलं नाही. दवंडी पिटली म्हणजे निरोप पोचला असं होत नाही.

तिसरं कारण, बोलण्याला किंमत मोजावी लागते. एक बरी सूचना द्यायची तर आवृत्ती बघा, चूक पुन्हा घडवून दाखवा, छोटं उदाहरण तयार करा, इंग्रजीत लिहा, आणि मग कोणी "तुम्ही मॅन्युअल वाचलंय का?" म्हणालं तर तेही ऐकून घ्या. त्यापेक्षा तक्त्यात हाताने दुरुस्ती करून पुढे जाणं स्वस्त. आपल्याकडे तर जुगाड हा अंगवळणी पडलेला गुण आहे. पण प्रत्येक यशस्वी जुगाडामागे एक न पाठवलेली तक्रार असते.

चौथं कारण, सगळ्यांना वाटतं दुसरं कोणीतरी बघत असेल. एरिक रेमंड यांनी मुक्तस्रोताबद्दल एक नियम मांडला होता, ज्याचा आशय असा: बघणारे डोळे पुरेसे असले की कुठलीही चूक लपून राहत नाही. ऐकायला छान आहे. पण ओपनएसएसएल या लायब्ररीत, जिच्यावर इंटरनेटवरचे असंख्य सुरक्षित व्यवहार अवलंबून होते, 'हार्टब्लीड' नावाची गंभीर चूक मार्च २०१२ च्या आवृत्तीत शिरली आणि एप्रिल २०१४ मध्ये जगासमोर आली. दोन वर्षं कोड सगळ्यांसाठी उघडा होता. वापरणारे जग भरून होते आणि रोज सांभाळणारे बोटांवर मोजण्याइतके. उघडं असणं आणि कोणी बघितलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि बोलतात तेव्हा कशावर बोलतात?

याच्या उलटही होतं. काही प्रश्नांवर इतकं बोललं जातं की ऐकणारा थकतो. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ च्या आपल्या पुस्तकात एका समितीचं वर्णन केलंय. अणुभट्टीचा प्रचंड खर्च ती काही मिनिटांत मंजूर करते, कारण तो कोणाला कळतच नाही, आणि सायकलींच्या शेडवर मात्र मनसोक्त वाद घालते. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या मुक्तस्रोत प्रकल्पात पॉल-हेनिंग काम्प यांनी नेमकी हीच गोष्ट सहकाऱ्यांना ऐकवली. तेव्हापासून क्षुल्लक गोष्टीवरच्या लांबलचक वादाला प्रोग्रॅमरांच्या भाषेत 'बाइकशेड' हेच नाव पडलं. ग्रामसभेत पाणीपुरवठा योजनेचा अंदाजपत्रकी कागद दोन मिनिटांत पुढे सरकतो आणि कमानीच्या रंगावर तास जातो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

मोठ्या बदलावरचा मोठा वादही माणसाला थकवतो. पायथनमध्ये किमतीला नाव देणं आणि ती वापरणं एकाच ठिकाणी करता यावं म्हणून एक नवं चिन्ह आणायचा प्रस्ताव २०१८ मध्ये होता, क्रमांक ५७२. त्यावर इतकी जोरदार वादावादी झाली, की प्रस्ताव मंजूर केल्यावर पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णय देण्याच्या भूमिकेतून निवृत्ती घेतली. ते चिन्ह २०१९ मध्ये ३.८ आवृत्तीत आलं, आणि आज लोक ते निवांत वापरतात.

म्हणजे एका टोकाला शांतता आणि दुसऱ्या टोकाला गदारोळ. दोन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे: जे आवाज येतात ते सगळ्या वापरणाऱ्यांचा नमुना नसतात. संशोधनाची पद्धत शिकताना नमुना निवडीवर आपण एवढे तास घालवतो, पण फीडबॅक आला की ते सगळं विसरतो. बोलणारा माणूस यादृच्छिक पद्धतीने निवडलेला नसतो. त्याच्याकडे वेळ असतो, इंग्रजी असतं, आत्मविश्वास असतो, किंवा राग असतो. आणि ज्याच्या संगणकावर तुमचा प्रोग्रॅम इन्स्टॉलच झाला नाही, तो तुमच्या यादीत कधीच येत नाही. सगळ्यात मोठी अडचण ज्याची, त्याचीच चौकट रिकामी.

आपली चौकट रिकामी राहिली की काय होतं

"हे मोठ्या प्रकल्पांचं झालं, आपला काय संबंध?" असं वाटत असेल तर मराठीतली दोन उदाहरणं बघा.

'ॲप', 'ॲसिड', 'ॲडमिशन' या शब्दांतलं पहिलं अक्षर. युनिकोडमध्ये त्यासाठी स्वतंत्र अक्षर आलं ते २००८ च्या ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक 'अ' लिहून वर चंद्र जोडत, आणि अनेक जण आजही तसंच लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखं, संगणकाला वेगळं. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण चालवलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत.

तसंच 'शेतकऱ्यांना' मधलं 'ऱ्य'. एक पद्धत म्हणजे नुक्ता असलेला 'ऱ', हलन्त आणि 'य'. दुसरी म्हणजे साधा 'र', हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि 'य'. छापलं तर दोन्ही एकसारखं. आता समजा तुम्ही शेतीविषयक मराठी मजकुरावर काम करताय आणि 'शेतकऱ्यांना' हा शब्द किती वेळा आला ते मोजताय. तुमचा प्रोग्रॅम दोन वेगळे शब्द मोजेल आणि त्याची कुठेही चूक म्हणून नोंद होणार नाही. ही गोष्ट मराठी लिहिणाऱ्यालाच खटकणार. बाहेरचा प्रोग्रॅमर कितीही हुशार असला तरी त्याला ती सुचायचं कारण नाही. आपण कळवलं नाही, तर ती कोणाच्याच यादीत येत नाही.

कळवायचं दार मात्र उघडं आहे. लोहित फॉन्टचं उदाहरण घ्या. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने तयार केलेले हे फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली आणले. असा फॉन्ट कोणीही उघडून बघू शकतो, चूक दाखवू शकतो, दुरुस्ती पाठवू शकतो. पण बहुतेक वाचकांना फॉन्ट हीसुद्धा कोणीतरी सांभाळत असलेली, सूचना ऐकणारी गोष्ट आहे हेच माहीत नसतं. अक्षर मोडकं दिसलं की आपण 'मोबाईलच खराब आहे' म्हणतो.

दुसरं उदाहरण जिल्ह्याच्या नावाचं. उस्मानाबादचं धाराशिव हे अधिकृत नामांतर २०२३ मध्ये झालं. पण २०११ च्या जनगणनेच्या फाईलमध्ये जुनंच नाव आहे, कोड ५२५. जुना आणि नवा तक्ता नावावरून जोडला, तर बऱ्याच प्रोग्रॅममध्ये जिल्हा गुपचूप गळून पडतो. ना इशारा, ना चूक, फक्त नकाशावर एक पांढरा ठिपका. कोडवरून जोडलं तर हा प्रश्न येत नाही. तसंच कळंब तालुका आपल्याकडे आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातही आहे. वाशी म्हटलं की अर्ध्या महाराष्ट्राला नवी मुंबई आठवते. गावांच्या, तालुक्यांच्या नावांवर चालणारं कुठलंही मुक्तस्रोत साधन असो, हे सांगायला इथलाच माणूस लागतो. तो गप्प राहिला तर ते साधन 'सगळ्या भारतासाठी' म्हणून चालत राहतं आणि आपल्या जिल्ह्याचे आकडे मात्र दुसऱ्याच कुठल्या तालुक्यातून येतात.

मग फीडबॅक मागायचा कसा?

यावर हमखास उपाय नाही. पण पुढच्या गोष्टींनी फरक पडतो.

उघडा प्रश्न विचारू नका. "सूचना असतील तर कळवा" याचं उत्तर द्यायला समोरच्याला आधी प्रश्न शोधावा लागतो, मग उत्तर. त्याऐवजी असं विचारा: "रिकामी नोंद असलेला महिना मी '०' दाखवू की 'नोंद नाही' असं दाखवू? तुमच्या कामात कोणतं चालेल?" असा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो आणि 'खूप छान' म्हणून टाळताही येत नाही.

बदल वर्णन करून सांगू नका, त्याचा परिणाम दाखवा. पांडाजच्या गोष्टीतून घ्यायचा धडा हाच. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवा, तेही समोरच्याच्या ओळखीच्या डेटावर. "भूम तालुक्याचा जुलै जुन्या पद्धतीने इतका, नव्या पद्धतीने इतका" असं दिसलं की माणूस लगेच बोलतो.

सगळ्यांना विचारू नका, नाव घेऊन विचारा. ग्रुपवर टाकलेला प्रश्न कोणाचाच नसतो. पाच माणसं निवडा आणि ती एकसारखी निवडू नका: एक तुमच्या विषयातला, एक वेगळ्या विषयातला, एक नुकताच पायथन शिकणारा, एक जो फक्त एक्सेल वापरतो, आणि एक जो प्रत्यक्ष शिवारात काम करतो. पाचव्याला लिंक पाठवून उपयोग नाही. त्याच्याकडे जा.

शेजारी बसा आणि गप्प राहा. पाणलोट किंवा कृषी विभागात काम करणाऱ्या माणसासमोर तुमचं साधन उघडून द्या आणि मदत न करता बघा. तो कुठे अडखळतो, कुठलं बटण दाबून परत येतो, कुठल्या शब्दावर तुमच्याकडे बघतो, ते लिहून घ्या. "कसं वाटलं?" विचारलं तर तो "चांगलंय की मॅडम" म्हणेल. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला नावं ठेवत नाहीत. त्याची अडखळ मात्र खरं बोलते.

मुदत द्या, आणि मुदत संपल्यावर काय करणार तेही सांगा. "१५ तारखेपर्यंत वाट बघते, नंतर दुसरा पर्याय लागू करते. जुना पर्याय एका सेटिंगने परत मिळेल." परतीची वाट ठेवणं फार महत्त्वाचं, कारण खरा फीडबॅक बदलानंतरच येणार आहे. तो येणारच असं धरून तयारी ठेवा. पांडाजने 'मिन_काउंट' दिला तो अशाच परतीच्या वाटेसारखा.

आलेल्या प्रत्येक सूचनेला उत्तर द्या, नाकारलेल्या सूचनेला तर आधी. "हे आत्ता करत नाही, कारण अमुक" एवढी ओळ पुरते. ज्याची पहिली सूचना पाण्यात दगड पडावा तशी नाहीशी झाली, तो दुसरी देत नाही.

आणि शेवटी, शांततेची नोंद ठेवा. तुमच्या प्रबंधात 'वापरकर्त्यांकडून हरकत आली नाही' असं वाक्य लिहायच्या आधी थांबा. किती जणांना विचारलं, किती जणांनी उत्तर दिलं, उत्तर न देणारे कोण होते, ते लिहा. व्हायव्हाला परीक्षक हेच विचारणार आहेत, आणि त्यांनी नाही विचारलं तरी तुमचं साधन पुढे वापरणाऱ्याला हे कळलं पाहिजे.

आपण दुसऱ्या बाजूला असतो तेव्हा

फीडबॅक मिळत नाही अशी तक्रार करणारे आपण स्वतः वर्षभरात किती प्रकल्पांना काही कळवतो? वापरतो मात्र डझनभर: पायथन, आर, क्यूजीआयएस, लिबरऑफिस. त्यातल्या बऱ्याच गोष्टी पगार नसलेली माणसं रात्री जागून सांभाळतात.

चांगली सूचना लिहायला चार गोष्टी लागतात. तुम्ही कोणती आवृत्ती वापरताय. चूक दाखवणारं छोट्यात छोटं उदाहरण, शक्य असेल तर पाच ओळींचं. तुम्हाला काय अपेक्षित होतं. प्रत्यक्षात काय मिळालं. इंग्रजी साधंसुधं असलं तरी चालतं. उदाहरण चोख असेल तर व्याकरणाकडे कोणी बघत नाही. लिहिण्याआधी तीच तक्रार कोणी केली आहे का ते शोधा. असेल तर तिथेच आपलं उदाहरण जोडा, कारण 'मलाही हेच होतंय' पेक्षा 'मला हे या डेटावर होतंय' याचा उपयोग जास्त. आणि उत्तर आलं नाही, तर त्या शांततेलाही नकार समजू नका. तिकडेही एक थकलेला माणूस आहे. दोन-तीन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करा.

संशोधनाची तयारी करताना हे काम फुकट जात नाही. पाच ओळींत चूक पकडून दाखवणं म्हणजे एका छोट्या प्रयोगाची मांडणीच आहे: एक सोडून बाकी सगळं स्थिर ठेवायचं, परिणाम दाखवायचा, आणि दुसऱ्याला तो पुन्हा करता आला पाहिजे.

या आठवड्यात एवढं करून बघा. तुमच्या कामातला एखादा मराठी मजकूर किंवा गावांच्या, तालुक्यांच्या नावांचा तक्ता घ्या आणि वर सांगितलेल्या तीन गोष्टी तपासा: 'ॲ' दोन प्रकारे लिहिलाय का, 'ऱ्य' दोन प्रकारे लिहिलाय का, आणि रिकाम्या नोंदींची बेरीज शून्य येतेय का. काही सापडलं, तर ते साधन ज्या प्रकल्पाचं आहे तिथे चार ओळी लिहून पाठवा. निदान एक चौकट तरी भरेल.